पोरांचं तेवढं बघा

घोडबंदर रोडला टॉवर उभे राहत गेले तशी गेटावरची माणसंही बदलत गेली. आता कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत कुठल्याही मोठ्या सोसायटीत जा, रजिस्टर पुढे सरकवणाऱ्यांत एखादा तरी माजी सैनिक निघतोच. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांची तीच गत. मला तो लांबून ओळखू येतो. बाजूला खुर्ची असली तरी हा उभा असतो, आणि 'कुणाकडे जायचंय' विचारताना आवाज चढवत नाही. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. ज्या वयात कचेरीतला माणूस बढतीची वाट बघत असतो, त्या वयात याची एक अख्खी नोकरी होऊन गेलेली असते.

फौजेचं गणितच तसं आहे. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती आणि शिपाई, नाईक अशा हुद्द्यावरचे बरेचजण पस्तिशी-चाळिशीत घरी. पेन्शन चालू होते, पण तेव्हा मुलं शाळेत असतात, गावाकडे आईवडील थकलेले असतात आणि शहरात जागा घ्यायची असते. मग गेटावर उभं राहायचं.

मी अशाच एका हवालदाराची मुलगी. आबा तोफखान्यात होते. गाव साताऱ्याकडचं, पण सुटून आल्यावर आम्ही कळव्यात राहायला आलो, कारण चुलते तिथे होते. मी बेलापूरला हिशेबाची नोकरी करते. आबांचे कागद करता करता त्यांच्या दोस्तांचे, मग दोस्तांच्या जावयांचेही कागद माझ्याकडे यायला लागले. शनिवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या जातात. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या दवाखाना योजनेचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, आणि तळाशी घड्या घालून घालून फाटायला आलेला मेडिकल बोर्डाचा, म्हणजे सुटताना फौजी डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचा कागद. येणारा प्रत्येकजण चहा नको म्हणतो, मग घेतो, आणि कप खाली ठेवताना म्हणतो, "ताई, माझं काही नको. पोरांचं तेवढं बघा."

पूर्वी मला हे ऐकून भरून यायचं. आता राग येतो.

पोरांचं खरंच बघितलं जातं, हे आधी कबूल करायला हवं. पंतप्रधान शिष्यवृत्ती २००६-०७ पासून चालू आहे. प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेत, म्हणजे बारावीला किंवा पदवीला, ६० टक्के असले आणि मुलाने इंजिनीअरिंग, मेडिकल, बी.एड. अशा एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असला, की अर्ज करता येतो. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये, वर्षाचे एकदम खात्यावर. देशभरातून वर्षाला ५,५०० जणांना मिळते, त्यात निम्म्या मुली. मी बी.कॉम. केलं, ते यात बसत नाही. धाकट्या भावाला मात्र इंजिनीअरिंगला मिळाली आणि त्याची परीक्षा फी, पुस्तकं त्यातून निघाली. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यावरून सुटलेल्यांच्या मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून वेगळं अनुदान आहे, दोन मुलांपर्यंत. ते महिना १,००० होतं, २०२५ च्या नोव्हेंबरपासून २,००० केलं. आपल्याकडच्या इंजिनीअरिंग प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. १९७१ च्या लढाईत कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि अपंग होऊन परतलेल्या जवानांच्या मुलांची फी भरायची जबाबदारी सरकारने घेतली, ती आजतागायत चालू आहे. २०१७ च्या जुलैत त्या फीवर महिना १०,००० ची मर्यादा घालून बघितली. त्यावर एवढी ओरड झाली की २०१८ च्या मार्चमध्ये ती उठवावी लागली. पोरांच्या बाबतीत लोक गप्प बसत नाहीत.

अडतं ते भलत्याच ठिकाणी. एका मुलीचा अर्ज आईच्या नावावरून परत आला होता. डिस्चार्ज बुकात 'सुनीता' इंग्रजीत दोन 'ई' घालून लिहिलेलं, आधारवर एकच 'आय'. वडील भरती झाले तेव्हा लग्न व्हायचं होतं. लग्नानंतर पलटणीतून ज्याने नोंद पाठवली त्याने कानाला लागलं तसं लिहिलं, आणि पुढे कुणाला ते उघडून बघायची गरजच पडली नाही. मग प्रतिज्ञापत्र, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, सैनिक बोर्डाचा शिक्का. (जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे नाव पाटीवर. बोलताना सगळे सैनिक बोर्डच म्हणतात.) त्या मुलीचे वडील पत्रावर सही करताना मला विचारत होते, की नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर बायको बदलते का. मी म्हटलं, कॉम्प्युटरपुरती बदलते.

हे सगळं करता येतं. चिकाटी लागते, पण करता येतं. जे हातातून निसटलेलं असतं ते त्या तळाच्या कागदात असतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज सरसकट एका रांगेत लागत नाहीत. आधी लढाईत कामी आलेल्यांची मुलं आणि पत्नी, मग लढाईत अपंग होऊन घरी आलेल्यांची, मग सेवेमुळे मृत्यू आलेल्यांची. चौथा क्रम सेवेत अपंगत्व येऊन बोर्डआउट झालेल्यांच्या, म्हणजे मेडिकल बोर्डाने मुदतीआधी घरी पाठवलेल्यांच्या मुलांचा, पण ते अपंगत्व सेवेमुळे आलं असं कागदावर हवं. पाचवे शौर्यपदकवाल्यांचे आणि सहाव्या क्रमावर उरलेले सगळे. म्हणजे बापाच्या मेडिकल बोर्डात डॉक्टरांनी लिहिलेली एक ओळ वीस वर्षांनी मुलीला चौथ्या रांगेत उभी करते नाहीतर सहाव्या. पोरांचं बघायला बसलं तरी वाट बापाच्याच कागदावरून जाते.

विटाव्याला राहणाऱ्या एका काकांचं असंच आहे. सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या संदेश-दळणवळणाच्या शाखेत होते. फिटचे झटके यायला लागले म्हणून पेन्शनची वर्षं पुरी व्हायच्या आधीच बोर्डआउट केलं. बोर्डाने लिहिलं, आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. या एका वाक्याने अपंगत्व पेन्शन गेली. काकांनी ते वाक्य कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपण घरी आलो म्हणजे विषय संपला. गावाला गेले, थोडी शेती बघितली, मग ठाण्यात येऊन एका गोदामात लागले. झटके येतात हे गोदामात सांगितलेलं नाही.

मी त्यांना धरमवीर सिंग यांची गोष्ट सांगितली. तेही सिग्नलचेच. १९८५ साली भरती झाले, १९९४ साली झटक्यांच्याच आजाराने २० टक्के अपंगत्व दाखवून घरी पाठवले गेले, आणि त्यांच्याही कागदावर हेच वाक्य होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१३ च्या जुलैत निकाल लागला, की भरतीच्या वेळी तुम्ही धडधाकट होता आणि तेव्हाच्या नोंदीत आजार नव्हता, तर नंतर आलेला आजार सेवेमुळे आला असंच धरून चालायचं. तसं नाही असं सरकारला म्हणायचं असेल तर ते सरकारने दाखवून द्यायचं. बोर्डालाही नुसतं 'नाही' लिहून भागणार नाही, कारणं द्यावी लागतील. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्याचा पोरीला काय फायदा?" पोरीची फार्मसी एव्हाना होऊन गेली होती, सहाव्या रांगेतून, शिष्यवृत्तीशिवाय. मी म्हटलं, "पोरीला नाही. तुम्हाला." तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायला सांगितलंय.

टक्क्यांचा हिशेब माझ्या पोटापाण्याचा असल्याने मी तो कुणालाही समजावून सांगू शकते. निदान २० टक्के अपंगत्व आणि ते सेवेशी जोडलेलं, एवढं असलं की साध्या पेन्शनच्या वर अपंगत्वाचा वेगळा हिस्सा मिळतो. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. धरा, शेवटचा पगार ४०,००० होता. मग १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण १९९६ पासून एक सोय आहे, ब्रॉड बँडिंग नावाची. ५० च्या खालच्यांना ५० धरायचं, ५० ते ७५ ला ७५, आणि त्यावरच्यांना १००. मग त्याच २० टक्केवाल्याचे २,४०० चे ६,००० होतात. सरकारची भूमिका अशी होती, की ही सोय आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच. मुदत पुरी करून सुटलेल्यांना नाही. म्हणजे गुडघा गेलेला असताना ओढत ओढत नोकरी पुरी केली, तर त्याची शिक्षा. २०१४ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात ती भूमिका मोडून काढली. तरीही उशिरा जागं होणाऱ्याला मागची सगळी थकबाकी मिळेल असं नाही. २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर बरीच वर्षं ती बहुतेक वेळा दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांपुरती धरली गेली. जो जितकी वर्षं 'माझं काही नको' म्हणत बसला, त्याचं तितकं गेलं. २०२३ च्या सप्टेंबरपासून सुटणाऱ्यांना तर नवे नियम लागू आहेत, त्यात मुदत पुरी करून जाणाऱ्यांच्या या हिश्शाचं नावही बदललंय. नव्या पोरांनी ते आपल्या सुटण्याच्या तारखेप्रमाणे वाचावेत, काकांचं ऐकून चालू नये.

आबांच्या कागदावर यातला कुठलाच आकडा नाही. आबा शेप-वनमध्ये बाहेर पडले. शेप म्हणजे मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे, या पाचांची फौजी प्रतवारी. वन म्हणजे सगळं पहिल्या नंबराचं. आणि आबांना उजव्या कानाने तेव्हाही ऐकू येत नव्हतं. कारगिलच्या वेळी ते द्रासच्या बाजूला होते. तिथे तोफा दिवसरात्र चालल्या. आबा सांगतात, कापसाचे बोळे घालून भागत नव्हतं, गोळा सुटला की छातीत बसायचं. त्या उन्हाळ्यापासून कानात किर्रर आवाज राहिला तो राहिलाच.

२००४ साली सुटताना मेडिकल बोर्ड झाला. कान तपासायला एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारा मशीनवर हात फिरवत असतो. आबांनी दोनचार वेळात ताडलं, की आवाज सोडताना त्याचा खांदा किंचित हलतो. मग काय, खांदा हलला की बटण. हे ते अजूनही मोठ्या हुशारीने सांगतात, आणि ऐकणारे फौजी हसतात, कारण त्यातल्या निम्म्यांनी असंच काहीतरी केलेलं असतं. कुणी गुडघ्याचं सांगितलं नाही, कुणी छातीत दुखतं ते सांगितलं नाही. कान खराब निघाला तर पुन्हा तपासणी, पुन्हा दवाखाना, सुटायची तारीख पुढे, आणि घरी बहिणीच्या पोरीचं लग्न ठरलेलं. शिवाय फिट नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं? ज्या माणसाला चोवीस वर्षं रोज सकाळी 'ठीक आहे साहेब' म्हणायला शिकवलं, त्याला शेवटच्या दिवशी एकदम खरं बोलायला सांगणं जरा जास्तच झालं. माझा रोख आबांवर नाही. ज्या व्यवस्थेला त्याची ही सवय पक्की ठाऊक आहे, तिने शेवटच्या तपासणीला त्याच्या शेजारी एक सांगणारा माणूस बसवायला हवा होता. या कागदावर पुढची चाळीस वर्षं उभी आहेत, एवढं सांगणारा. बोर्डाच्या दिवशी ते कुणीच सांगत नाही. सांगतात ते नंतर, वकील.

ईसीएचएसमधून आबांना कानाचं मशीन मिळालं. ते टीव्हीच्या खणात असतं.

आता शिक्षणाचं. इथे तर जवान स्वतः जवळजवळ गायबच आहे. दहावी झालेला आणि पंधरा वर्षं सेवा पुरी केलेला सैनिक सरकारी गट-क नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरला जातो, तसं प्रमाणपत्र मिळतं. चांगली सोय आहे. बँकांत, राज्य सरकारात कित्येकजण त्यावर लागले, आपल्याकडे सरकारी भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षणही आहे. पण ते प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जापुरतं. ते घेऊन एलएलबीला किंवा एमबीएला गेलात तर कॉलेजवाले परत पाठवतात. नोकरीसाठी पदवीधर, शिकण्यासाठी दहावी पास.

अमेरिकेने १९४४ साली जीआय बिल केलं तेव्हा उलट केलं होतं. लढून आलेल्या माणसाला आधी कॉलेजात पाठवा, फी आणि राहण्याचा खर्च सरकारचा. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, त्यातले सुमारे २२ लाख कॉलेजात बसले. काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातलं फार कमी येऊ दिलं गेलं, म्हणून त्याचे फार गोडवे गायची गरज नाही. पण क्रम बघण्यासारखा आहे. २००९ पासून लागू झालेल्या त्यांच्या नव्या कायद्यातही ३६ महिन्यांचं शिक्षण आधी सैनिकाच्या नावावर. वाटलं तर त्याने ते बायकोला, मुलांना द्यायचं, आणि त्यासाठीही जास्त वर्षं नोकरी करायची. आपल्याकडे थेट मुलांच्या नावावर. बाप वाटेत लागतच नाही.

आणि असं नाही की आपल्याला ही कल्पना परकी आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ सालची. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून परतलेल्या शिपायांना धंद्याचं काम शिकवायला ती काढली. त्या काळात हे सुचलं होतं, की जखमी माणसाला नुसते पैसे देऊन भागत नाही, त्याला पुढचं काहीतरी शिकवायला लागतं. शंभर वर्षांनी तोच विचार सगळ्यांना लागू करायला काय हरकत होती? सुटण्याआधी पुनर्वसनाचे कोर्स असतात, डीजीआर या संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन खात्यामार्फत. त्यांत बऱ्यापैकी विषय आहेत. पण मला भेटतात त्यांतल्या बहुतेकांच्या पदरी सिक्युरिटी सुपरवायझरचा कोर्स पडलेला असतो, आणि तो करून माणूस पुन्हा गेटावरच येतो, फक्त शिट्टीऐवजी वॉकीटॉकी घेऊन.

अग्निवीरांच्या बाबतीत हे चित्र विचित्र पद्धतीने पालटलंय. २०२२ ची योजना, चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही. पण दहावीवर आलेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी आणि पुढे इग्नूची पदवी, जिचे निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचेच धरतात. शिक्षण पहिल्यांदा जवानाच्या स्वतःच्या नावावर आलं. आणि अपंगत्वाला जन्मभराच्या पेन्शनऐवजी एकरकमी भरपाई: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. एका हाताने डिग्री दिली, दुसऱ्याने पेन्शन काढून घेतली. मला दोन्ही एकत्र हवं होतं, पण मला कोण विचारतो.

ऐरोलीला एका काचेच्या इमारतीच्या गेटावर आमच्याच भागातला एक नाईक आहे. वय अडतीस. पंधरा वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन तो माझ्याकडे आला तो मुलीच्या अनुदानाच्या कामाला. काम झाल्यावर उठेना. मग चपला घालता घालता म्हणाला, "ताई, ह्याच्यावर वकिलीला घेतात का?" मी नाही म्हटल्यावर त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही, बहुतेक तो आधीच कुठेतरी विचारून आला होता. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं सांगितलं. याची बारावी झालेली होती, विज्ञान शाखेतून, काठावर. सरळ बी.ए. ला नाव घातलं. अर्जावर 'शिक्षणातील खंड' असं काहीतरी विचारलं होतं. तिथे त्याने पलटणीचं नाव आणि पोस्टिंगची ठिकाणं ओळीने लिहून काढली. तेवढी जागाच नव्हती, समासात उतरला.

आता रात्रपाळीला व्हिजिटर रजिस्टरखाली राज्यशास्त्राचं पुस्तक असतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. दोन वाजल्यानंतर गाड्या थांबतात तेव्हा वाचतो. सुपरवायझरने एकदा पकडलं आणि 'पोराचं आहे का' म्हणून विचारलं. हा 'हो' म्हणाला. मला सांगताना हसत होता, मी मात्र चिडले. स्वतःचं म्हणून सांगायला काय झालं होतं? तर म्हणे, "ताई, हसतात. चाळिशीला आलेला माणूस बी.ए. करतोय म्हणल्यावर."

विटाव्याच्या काकांचं अपील गेलंय. उशीर का झाला याचं कारण लिहिताना त्यांनी मला 'माहीत नव्हतं' एवढंच लिहायला सांगितलं. मी त्याचा दीड पानाचा मजकूर केला. तिथे नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे, दिल्लीला खेटे घालायला नकोत. काका अजून दर शनिवारी येतात आणि दर शनिवारी विचारतात, की यात खर्च किती होईल, कारण पोरीचं लग्न काढायचंय.

नाईकाचे पेपर मे महिन्यात आहेत. ड्युटी बदलून मिळाली नाही तर बिनपगारी रजा टाकणार, असं त्याने बायकोला सांगून टाकलंय. तिने विचारलं, मग पोरीच्या क्लासची फी कुठून भरायची? त्यावर त्यांची बोलणी अजून चालू आहेत. मी कुणाच्या बाजूने बोलणार हे तिला ठाऊक असल्याने मला त्या बोलण्यांत घेतलेलं नाही.